एका तासाचा आकडा

बार्शीच्या एसटी स्टँडजवळच्या एका बोळात माझी लॅब आहे. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, अलीकडे घेतलेलं एक लहान मशीन आणि बाहेर बाकावर बसलेले पेशंट. १९९४ साली डीएमएलटीचा कोर्स करून आलो आणि एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या हाताखाली ती सुरू केली. रिपोर्टवर सही त्यांची, हात माझे. अब्बा मिलमध्ये कामाला होते. त्यांना वाटायचं, पोरगा डॉक्टरच झाला. मोहल्ल्यात कुणाला ताप आला की माणूस आधी आमच्या दारात. लोकांचं रक्त, थुंकी, लघवी, संडास हे माझं रोजचं काम. त्याची कधी किळस वाटली नाही की लाज वाटली नाही. ज्या एका माणसाच्या बाबतीत वाटली, त्या माणसाविषयी लिहायचं आहे.

ती माझी धाकटी बहीण. पंचेचाळिशीला आली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणतात. २००३ साली तिचं लग्न झालं, लातूरला. जावई मोटार रिवाइंडिंगचं काम करतात, शांत माणूस. २००५ साली मुलगी झाली. आणि २००६ साली छोटी सांधे धरून माहेरी आली.

त्या वर्षी चिकुनगुनियाची साथ होती. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको. घरटी दोन-तीन माणसं भिंतीला धरून चालत होती. तेव्हा छोटीचे गुडघे, मनगटं, बोटांची पेरं धरली यात कुणालाच नवल वाटलं नाही. अंगावर लाली आली, तीही त्यातलीच म्हणून सोडून दिली. पण दिवाळीपर्यंत बाकीची माणसं कामाला लागली आणि हिचा संध्याकाळचा ताप काही जाईना. कंगव्यात केसांचे पुंजके निघू लागले. तोंडात फोड. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर मिळून लाल चट्टा उठला होता. उन्हात धुणं वाळत घालून आली की तो भाजल्यासारखा दिसायचा. अम्मीला वाटलं नजर लागली. मी तिचं रक्त काढलं आणि ईएसआर लावला. एका तासाने पाहिलं तर एकशेबारा.

ईएसआर ही अगदी गरीब टेस्ट आहे. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट घालायचं, ते काचेच्या बारीक नळीत ओढायचं आणि नळी स्टँडला सरळ उभी करून एक तास सोडून द्यायची. लाल पेशी खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी राहतं. तासाने ते पाणी किती मिलिमीटर आहे ते वाचायचं. पोलंडच्या बिएरनात्स्की नावाच्या डॉक्टरने १८९७ साली हे प्रथम मांडलं. आज आम्ही जी पद्धत वापरतो ती स्वीडनच्या वेस्टरग्रेनची, १९२१ची. शरीरात कुठे दाह असला की रक्तात काही प्रथिनं वाढतात. त्यांच्यामुळे लाल पेशी एकमेकींपासून दूर न राहता बंद्या रुपयांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि चळत जड म्हणून भरभर खाली बसते. तरुण बाईचा आकडा वीसच्या आत हवा. पण नळी जरा तिरकी राहिली तरी तो वाढतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढतो. गरोदरपणात, वय झाल्यावर वाढतो. हे सगळं मला पाठ होतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलो होतो.

आम्ही तिला सोलापूरला नेलं. तिथल्या फिजिशियनने गालावरचा चट्टा पाहिला, बोटं दाबली आणि रक्त मुंबईला पाठवलं. आठवड्याने रिपोर्ट आला. एएनए पॉझिटिव्ह, डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीज पॉझिटिव्ह. आजाराचं नाव ल्युपस. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरची जखम लांडग्याने लचका तोडल्यासारखी दिसते म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव ठेवलं म्हणतात. शरीराचे पहारेकरी चोराला सोडून घरच्याच माणसांवर काठी चालवतात, असा हा आजार. दहातल्या नऊ पेशंट बायका, आणि त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलं. कागदावर खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: दर महिन्याला ईएसआर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लघवी. मला म्हणाले, "तुमचीच लॅब आहे, बरं झालं. खर्च वाचला."

छोटी त्या दिवसांत बरीचशी माहेरीच असायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सुई, नळ्या घेऊन घरीच तिचं रक्त काढायचो. ती लहानपणी राखेने भांडी घासायची तेव्हाचा हाताचा कोपर मला आठवायचा. तोच कोपर, त्यावर मी रबर बांधायचो. रक्त झालं की मी उठून जायचो. लघवीचं नाव काढत नसे.

कारण काय सांगू? मी तिचा भाई. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमच्या घरात एक न्हाणीघर आणि परसात संडास. बाईमाणूस तिकडे निघालं की आम्ही भाऊ पेपरात डोकं खुपसायचो. नजरेचा हा पडदा कुणी शिकवला नव्हता, तो हवेतच होता. बाहेरच्या दहा बायकांना मी रोज बाटल्या देत होतो, "सकाळची पहिली, मधली धार" हे न अडखळता सांगत होतो. बहिणीला बाटली देऊन ते वाक्य म्हणणं मला जमेना. बायकोला सांगता आलं असतं. ते सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचू दिलं नाही.

शिवाय ईएसआर उतरत होता. एकशेबाराचा शहाऐंशी झाला, मग चौपन्न, मग अडतीस. ताप गेला. गालावरची लाली फिकी पडली. मी माझ्या रजिस्टरमध्ये तिच्यासाठी एक वेगळं पान ठेवलं होतं, त्यावर हे आकडे एकाखाली एक लिहायचो. अम्मीला दाखवायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडा लहान होतोय हे कळायचं. ती दोन्ही हात उचलून दुआ करायची. आमच्या घरात त्या कागदाला तावीजाचं मोल आलं होतं.

स्टिरॉइडने छोटीचा चेहरा गोल झाला, ओठांवर लव आली. लातूरच्या बायका विचारायला लागल्या. २००८च्या उन्हाळ्यात तिने गोळ्या निम्म्या केल्या. दुसऱ्या गोळीने अंग काळवंडतं असं कुणी तरी सांगितलं, म्हणून ती एक दिवसाआड घेऊ लागली. मला विचारलं तेव्हा मी रजिस्टर उघडून पाहिलं आणि म्हणालो, "आकडा चांगला आहे. बघू."

ऑगस्टमध्ये आकडा बासष्ट आला. मी जरा चपापलो आणि सीआरपी लावली. तेव्हा आमच्याकडे लॅटेक्सची सीआरपी असायची. काळ्या काचेवर सीरमचा थेंब आणि पांढऱ्या द्रावाचा थेंब, हलवायचं, कण धरले तर पॉझिटिव्ह. छोटीच्या थेंबात कण धरले नाहीत. सीआरपी निगेटिव्ह. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. मी हिशेब बसवला: दाह असता तर सीआरपी वाढली असती. ती नाही, म्हणजे आग विझलेली आहे. ईएसआर रक्त कमी म्हणून वाढलाय. लोहाच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या आणि निवांत झोपलो.

इतर आजारांत हा हिशेब पुष्कळदा बरोबर येतो. ल्युपसमध्ये तो फसवतो, हे मला माहीत नव्हतं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. जंतुसंसर्ग झाला की ते काही तासांत उसळी घेतं. पण ल्युपस भडकला असतानाही ते पुष्कळदा जागचं हलत नाही. त्या आजारात शरीरात इंटरफेरॉन नावाचं द्रव्य फार असतं आणि ते सीआरपीला दाबून ठेवतं, असं एक कारण सांगतात. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, सांधे फार सुजले, तर ती वाढते. किडनीत आग लागली असेल तर ती मुकाट बसू शकते. तेव्हा ईएसआर वर आणि सीआरपी खाली, ही जोडी ल्युपसमध्ये दिलासा देणारी नाही. मी ज्याला सुटकेचा कागद समजलो तोच वॉरंट होता.

सप्टेंबरात रमजान लागला. छोटीने सगळे रोजे धरले. दोन ऑक्टोबरला ईद होती. सकाळी ती शीरखुर्म्याच्या पातेल्याशी उभी होती. नमाज पढून आलो तेव्हा तिने मला ईदी मागितली आणि हसत म्हणाली, "भाई, नवे सँडल का पट्टाच नै बैठता." मी खाली पाहिलं. घोटे दिसत नव्हते. पावलावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. डोळ्यांखालीही फुगलेलं होतं. महिनाभर सगळ्यांनी ते स्टिरॉइडचं समजून सोडलं होतं.

त्या रात्री मी बायकोला छोटीकडे बाटली देऊन पाठवलं. तेवढंच होतं ते. पाच मिनिटांचं काम. लॅब उघडली, स्पिरिटचा दिवा पेटवला. टेस्ट ट्यूब पाऊण भरली, बूड चिमट्यात धरून वरचा भाग ज्योतीवर धरला. लघवीत अल्ब्युमिन असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते उष्णतेने गोठतं. नुसता ढग आला तर ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब घालायचे. क्षारांचा ढग असेल तर विरघळतो, अल्ब्युमिनचा राहतो. छोटीच्या नळीत ढग आला नाही. दही धरलं. ॲसिड घातलं तरी तसंच. चार प्लस. नंतर मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसल्या, पेशींचे साचे दिसले. ते साचे किडनीच्या बारीक नळ्यांतच तयार होतात, दुसरीकडे नाही. बाहेर पोरं फटाके उडवत होती. मी रजिस्टरमधलं ते पान काढलं आणि त्यावर लघवीचा रकाना नव्हताच, हे तेव्हा पाहिलं.

पुण्याला बायोप्सी झाली. पालथं झोपवून, सोनोग्राफीत पाहत, पाठीतून सुई घालून किडनीचा शेवयाएवढा तुकडा काढतात. ल्युपसने होणाऱ्या किडनीच्या विकाराचे सहा वर्ग आहेत. छोटीचा चौथा, म्हणजे निम्म्याहून जास्त गाळण्या पेटलेल्या. चोवीस तासांच्या लघवीत जवळजवळ पाच ग्रॅम प्रथिन जात होतं. दीडशे मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ. ते वर सरकेपर्यंत किडनीची निम्मी ताकद गेलेली असू शकते. म्हणूनच लघवी आधी पाहायची असते.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीचे लघवीचे रिपोर्ट?" मी काही बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लॅबच्या लेटरहेडवरचे ईएसआरचे कागद पाहिले, आणि पुन्हा विचारलं नाही. त्यांचे ते उपकार मी विसरलो नाही. पुढे एका व्हिजिटला त्यांनी मला समजावून सांगितलं. ल्युपसच्या दोन वह्या असतात. एक आजार आत्ता किती पेटलाय याची. तिच्यात आकडा चढतो, उतरतो. तिच्यासाठी एक मोजमाप आहे, त्यात ताप, सांधे, लघवीतलं प्रथिन, लाल पेशी, डीएनएच्या अँटिबॉडीज, कमी झालेलं कॉम्प्लिमेंट यांना गुण आहेत. ईएसआरला आणि सीआरपीला त्यात एकही गुण नाही. दुसरी वही नुकसानीची. १९९६ साली डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ती बांधली. बारा अवयवसंस्था, आणि सहा महिने टिकलेलं नुकसानच तिच्यात चढतं. आजाराने झालेलं असो की औषधाने, दोन्ही तिथेच. त्या वहीत आकडा फक्त वाढतो. खोडता येत नाही.

सायक्लोफॉस्फामाइडच्या दर महिन्याला एक अशा सहा सलाइन झाल्या. किडनी वाचली, म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. पण ते औषध स्त्रीबीजांवर घाला घालतं. एकोणतिसाव्या वर्षी छोटीची पाळी गेली ती आलीच नाही. तिला दुसरं मूल हवं होतं. लातूरहून त्याबद्दल कुणी बोललं असेल, नसेल. जावयांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. ती मला म्हणाली, "एक बस है भाई." मग मायकोफेनोलेट सुरू झालं, ते अजून चालू आहे. २०१३ साली उजव्या खुब्याचं हाड स्टिरॉइडने मेलं, ती काठी घेऊन चालू लागली. मग एका डोळ्याला मोतीबिंदू. हे सगळं दुसऱ्या वहीत. मी मनातल्या मनात बेरीज करत असतो.

डॉक्टरांनी रोजे बंद केले. आजाऱ्याला सूट आहे, कुराणातच आहे. जो कधीच धरू शकणार नाही त्याने एका गरिबाला जेवू घालावं. मशिदीतल्या मौलानांनी हे दोन मिनिटांत सांगितलं. अवघड गेलं ते घरातल्या बायकांना. सगळ्यांसमोर दुपारी पाणी कसं प्यायचं? छोटी अजूनही रमजानात स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून पाणी पिते. सहेरीला मात्र सगळ्यांच्या आधी उठते.

२०१७च्या पावसाळ्यात तिला एकदम ताप भरला, धाप लागली. इथल्या एका डॉक्टरांना वाटलं ल्युपसच उसळला. ते स्टिरॉइड वाढवायला निघाले. मी म्हणालो, साहेब, अर्धा तास द्या. आता माझ्याकडे मशीन होतं. सीआरपी आली एकशे अठ्ठेचाळीस. नऊ वर्षांपूर्वी हिची किडनी जळत असताना जी मुकी होती ती आता ओरडत होती. ल्युपसच्या पेशंटमध्ये ती इतकी वाढली तर आधी जंतू शोधायचा, हे एव्हाना शिकलो होतो. एक्स-रे काढला, उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. सीआरपीचा शोध लागला तोही १९३० साली न्यूयॉर्कमध्ये, न्यूमोनियाच्या पेशंटांच्याच रक्तात. तेव्हा स्टिरॉइड भरमसाट वाढलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनात आणत नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक चालू केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात घेता आला नाही.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या रात्री तिचा ताप उतरला. मी उशाशी बसलो होतो. काय झालं कुणास ठाऊक, सगळं बोलून टाकलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी लघवी लिहून दिली होती, मी पावणेदोन वर्षं केली नाही, लाज वाटली म्हणून. तुझी किडनी माझ्यामुळे गेली.

ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "मेरेकू मालूम था. कागद पे लिख्या था ना. दसवी पास हूँ मैं. तुम नै मांगे, तो मेरेकू अच्छाच लगा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, की त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच फेस यायचा, साबणाच्या पाण्यासारखा. पाणी ओतलं तरी जायचा नाही. कुणाला सांगणार? नवऱ्याला? तुम्हाला? अम्मीला सांगितलं असतं तर तिने दम केलेलं पाणी दिलं असतं.

मग ती हसली आणि खोकला आला.

२०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं नाव घेतलं आणि दुकानांतून ती गोळी गायब झाली. सरकारने निर्यात थांबवली, चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध आणले, पण तोवर धडधाकट लोकांनी डबे भरून ठेवले होते. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही. छोटीसाठी मी लॉकडाऊनमध्ये लॅबचा पास दाखवत गावभर फिरलो. एका मेडिकलवाल्याने, माझ्या वर्गातला तो, स्वतःच्या आईसाठी लपवलेल्या तीन पट्ट्यांतल्या दोन काढून दिल्या. त्याची आई तंदुरुस्त होती. त्याला तसं बोललो नाही.

आता तिचा ईएसआर पन्नासच्या खाली येत नाही. किडनी अशक्त, रक्त कमी, तो राहणारच तसा. मी तो लावतो, लिहितो आणि पुढे जातो. क्रिएटिनिन दोन पूर्णांक एकवर आहे. पुण्याचे डॉक्टर पुढच्या तयारीचं बोलू लागले आहेत. दिव्यावरची टेस्ट आता कुणी करत नाही, पट्टी आहे, मशीन प्रथिनाचं आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढून देतं. रजिस्टर कॉम्प्युटरात गेलं. छोटीचं पान मी फाडलं नाही. २००८च्या ऑक्टोबरपासून त्यावर एक रकाना हाताने आखलेला आहे.

जावयांनी दुकान बार्शीला आणलं त्याला आता सहा वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी माझी भाची कॉलेजला जाताना लॅबवर गाडी थांबवते. हेल्मेटही काढत नाही. बाकावर दहा पेशंट बसलेले असतात, त्यांत आमच्या मशिदीचे दोन-तीन हाजीसाहेबही असतात. ती काउंटरवर बाटली ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "मामू, अम्मीची लघवी. सकाळची पहिली, मधली धार. लेबल लावलंय." आणि निघून जाते. हाजीसाहेब पेपर वर धरतात. मी बाटली उचलतो आणि सगळ्यांच्या आधी लावतो.